घरगुती कामांचे हंगामी बोर्ड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं पुण्यात बोर्ड छपाईचं छोटं दुकान आहे. गिऱ्हाईक बहुतेक एकटा-दुकटा कारागीर: रंगारी, प्लंबर, एसीवाले, वॉटरप्रूफिंगवाले, टाकी धुणारे, पेस्ट कंट्रोलवाले. फेब्रुवारी ते मे आणि पुन्हा ऑगस्ट ते ऑक्टोबर, व्हॉट्सअ‍ॅपवर तेच तेच प्रश्न येतात, आणि मशीन चालू ठेवून एका हाताने उत्तरं टाइप करताना निम्मं सांगायचं राहून जातं. म्हणून एकदा सगळं इथे लिहून काढलं. कायद्याबद्दल जे आहे ते महाराष्ट्रातल्या महापालिकांच्या हद्दीपुरतं धरा.

१. माझं एकट्याचं काम आहे. बोर्ड लावून खरंच कामं येतात का?

येतात, पण बोर्डाने नव्हे, बोर्ड कुठे आणि कधी उभा आहे त्याने. ज्या गल्लीत तुम्ही आत्ता काम करताय तिथे लावलेले दहा बोर्ड शहरभर विखुरलेल्या शंभरांपेक्षा जास्त फोन आणतात, असा आमच्या गिऱ्हाइकांचा अनुभव आहे. कारण सरळ आहे. एका इमारतीची गच्ची गळते तेव्हा शेजारची, त्याच बिल्डरने त्याच वर्षी बांधलेली इमारतही गळत असते. शेजारी तुमची माणसं, सामान, परांची रोज बघतो. त्याला फक्त नंबर हवा असतो. ओळखपाळख नसलेल्या भागात हाच बोर्ड नुसता कचरा ठरतो.

२. कोणत्या कामाचा बोर्ड कोणत्या महिन्यात लावावा?

काम ज्या दिवशी संपलं पाहिजे तिथून उलट मोजत या. गिऱ्हाइकाला गरज वाटते तेव्हा बोर्ड लावलात तर उशीर झालेला असतो.

वॉटरप्रूफिंग घ्या. स्लॅब कोरडा असल्याशिवाय केमिकलचा थर धरत नाही. वर ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा उताराचा थर) करायचा तर तो मुरायला दिवस हवेत, आणि शेवटी पाणी साठवून गळती बघायची तर आणखी एक-दोन दिवस. म्हणजे २० मेपर्यंत (का ते प्रश्न ३मध्ये) हात मोकळे हवे असतील तर काम एप्रिलमध्ये ठरलं पाहिजे, आणि सोसायटीची कमिटी तीन कोटेशनं मागवून मीटिंग घेणार असेल तर मार्चमध्येच. बोर्ड मार्चच्या मध्यावर. जूनमध्ये पहिली सर आल्यावर धावत आमच्याकडे येणारे दरवर्षी असतात. त्यांना आम्ही बोर्ड छापून देतो, पण बोर्डवर 'तात्पुरती ताडपत्री व पत्रे दुरुस्ती' लिहा असं सुचवतो, कारण त्या दिवसांत विकलं जाणारं काम तेच असतं.

एसी सर्व्हिसिंगचा बोर्ड फेब्रुवारीच्या शेवटी. मार्चमधला पहिला कडक आठवडा आला की लोक मशीन चालू करून बघतात, गार हवा येत नाही आणि फोन सुरू होतात. नागपूर, अकोल्याकडचे कूलरवाले तर वाळ्याच्या ताट्या आणि पंपदुरुस्तीचा बोर्ड होळीच्या आधीच लावतात. जाळ्या आणि डासांची कामं जुलैपासून. झुरळं आणि वाळवी पावसात व पावसानंतर. गिझर आणि सोलरवाल्यांनी ऑक्टोबरच्या सुरुवातीला.

रंगकामाचे दोन तुकडे करा. आतल्या रंगाचा बोर्ड गणपतीच्या आधी महिनाभर आणि मग दिवाळीसाठी पुन्हा. बाहेरचा रंग मात्र भिंत पूर्ण वाळल्याशिवाय देऊ नये, त्यामुळे त्याचा बोर्ड दसऱ्याच्या सुमारास लावून कामं दिवाळीनंतर घेतली तरी चालतं. पितृपक्षात नवं काम सुरू करायला अनेक घरं कचरतात. त्या पंधरवड्यात भाव विचारायला फोन येतील, आगाऊ रक्कम घटस्थापनेनंतर. घाबरून भाव पाडू नका.

कोकणात कौलं चाळायला माणूस लागतो तेव्हा बोर्ड कोणी शोधत नाही, वाडीतून निरोप जातो. तिथे हे सगळं गणित गैरलागू आहे.

३. तारखा दरवर्षी सरकतात, मग मागच्या वर्षीचाच तक्ता कसा वापरायचा?

वापरू नका. दोन गोष्टी दरवर्षी नव्याने बघाव्या लागतात. एक पंचांग. २०२५मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं. २०२६मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ते ८ नोव्हेंबरला गेलं. रंगाऱ्याला अडीच आठवडे जास्त मिळाले की त्याची दोन-तीन घरं वाढतात. जुन्या तारखांवर बोर्ड लावणारा मात्र लवकर लावून फुकट उन्हात वाळवतो.

दुसरं पाऊस. मुंबईत मॉन्सून साधारण ११ जूनला येतो असं धरलं जातं. २०२५मध्ये तो २६ मे रोजी मुंबईत आणि पुण्यात दाखल झाला. मेचे शेवटचे दहा दिवस हातात आहेत असं धरून चाललेल्या वॉटरप्रूफिंगवाल्यांच्या गच्च्या उघड्या राहिल्या. तेव्हापासून आम्ही सगळ्यांना २० मे हीच शेवटची तारीख सांगतो.

४. फ्लेक्स, सनपॅक आणि सनबोर्ड यात फरक काय? मला कोणता घ्यावा?

फ्लेक्स म्हणजे कापडासारखं गुंडाळता येणारं पीव्हीसी. मोठ्या आकाराला स्वस्त, पण ताणून बांधायला फ्रेम किंवा आयलेट (कडेला ठोकलेल्या धातूच्या कड्या) लागतात आणि ढिला बांधला की वाऱ्यात फडफडून कडेने फाटतो. सनपॅक म्हणजे आत पोकळ नळ्या असलेला प्लास्टिकचा पत्रा. हलका, पाण्याने न बिघडणारा आणि तारेने बांधायला सोपा. सनबोर्ड म्हणजे फोमचा कडक, गुळगुळीत बोर्ड. दुकानात किंवा लॉबीत सुंदर दिसतो, उघड्यावर कोपरे मोडतात.

हंगामी कामाला सनपॅक. ३ मिमी पुरतो. छापताना नळ्या उभ्या येतील असं सांगा, म्हणजे खालून तार किंवा सळई आत सरकवून बोर्ड कुंडीत, वाळूच्या बादलीत किंवा मातीत उभा करता येतो. नळ्या आडव्या आल्या तर हे जमत नाही, आणि बोर्ड वाऱ्यात मधोमध दुमडतो. सांगितलं नाही तर शीट वाचवायला कोणताही छापखाना हवा तसा कापतो. आम्हीसुद्धा.

५. प्लास्टिकवर बंदी आहे ना? मग फ्लेक्स चालतो कसा?

१ जुलै २०२२ पासून देशभर ज्या एकल वापराच्या प्लास्टिक वस्तू बंद झाल्या, त्यांत १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनर आहेत. नेहमीचा बोर्डाचा फ्लेक्स त्याहून जाड असतो. संशय आला तर छापखान्याकडून जाडी बिलावर लिहून घ्या. जाड आहे म्हणून कुठेही लावता येतो असा याचा अर्थ नाही. त्यासाठी प्रश्न १० बघा.

६. साईज किती घ्यावा म्हणजे पैसे वाया जाणार नाहीत?

सनपॅकचं शीट ८ बाय ४ फुटांचं धरा. १८ बाय २४ इंचाचा बोर्ड नीट मांडला तर एका शीटमध्ये १० बसतात. आडवे-उभे चुकले तर ८च. १२ बाय १८ इंचाचे नीट मांडून २० बसतात, चुकीचे मांडले तर १६. म्हणजे ऑर्डर १०च्या किंवा २०च्या पटीत द्या. '२५ बोर्ड' ही ऑर्डर १८ बाय २४मध्ये आली की अर्धं शीट आमच्याकडे पडून राहतं, आणि त्याचा पैसा शेवटी तुमच्याच बिलात असतो. फक्त नळ्यांची दिशा आधी ठरवा (प्रश्न ४), कारण ती ठरल्यावर मांडणी बदलायला वाव राहत नाही.

७. बोर्डवर काय काय लिहावं?

जितकं लिहायचं मनात आहे त्याच्या पाव.

दुचाकी ताशी ३० किलोमीटरने जात असेल तर सेकंदाला साधारण ८ मीटर पुढे सरकते. वाचायला ३ सेकंद द्यायचे तर अक्षर २५ मीटरवरून, म्हणजे ८० फुटांवरून दिसलं पाहिजे. आमच्या धंद्यातला जुना हिशेब १० फुटांना १ इंच उंचीचं अक्षर असा आहे. म्हणजे ८ इंचाचं अक्षर झालं. आता १८ बाय २४च्या बोर्डवर ८ इंची अक्षरात किती मावतं बघा: 'गळती?' एवढंच. वरची वेलांटी धरून अकरा-बारा इंच गेले. खालच्या पट्टीत दहा आकडी नंबर फार तर ३ इंच उंच येतो, आणि तो तीस फुटांवरून वाचता येतो. म्हणजे दुचाकीवाला 'गळती?' वाचतो, आणि ज्याची गच्ची गळतेय तो वेग कमी करतो. नंबर चालणाऱ्यासाठी असतो.

म्हणून बोर्डवर एक मोठा शब्द, एक नंबर, आणि जागा उरली तर 'याच भागात काम चालू'. देवीचा फोटो, तीन पार्टनरांची नावं, 'आमच्या सेवा' खाली अकरा ओळी, कोपऱ्यात इंटरनेटवरून उतरवलेल्या परदेशी बंगल्याचं चित्र: यातलं काहीही वाचलं जात नाही. देवाचा फोटो तर टाकूच नका. बोर्ड पडला, पायाखाली आला की लोक चिडतात ते तुमच्यावर.

रंग पिवळ्यावर काळा किंवा पांढऱ्यावर गडद निळा. लाल रंग एप्रिलच्या उन्हात सगळ्यात आधी विटतो, आणि नेमका नंबरच लाल छापलेला असतो.

८. नंबर मराठी आकड्यांत छापावा का?

मोठा शब्द मराठीतच हवा, नंबर मात्र इंग्रजी अंकांत. हे सांगताना मला आनंद होत नाही. पण देवनागरी ४ आणि इंग्रजी आठ घाईत सारखे दिसतात, १ आणि ९ लांबून एकमेकांत जातात, आणि नंबर दाबणाऱ्याच्या फोनवरची बटणं इंग्रजी असतात. पाच-पाचचे दोन गट करून मध्ये मोकळी जागा सोडा.

प्रूफ (छापण्याआधीचा नमुना) बघताना नंबर वाचू नका, तो फोनवरून लावून बघा. आमच्याच दुकानातून एकदा एक आकडा चुकलेले ६० बोर्ड बाहेर गेले होते. गिऱ्हाइकाने प्रूफ 'ओके' केलं होतं, आम्हीही वाचून 'ओके' केलं होतं. ज्या गृहस्थांचा तो नंबर निघाला त्यांना महिनाभर बाथरूमच्या लिकेजचे फोन जात होते. बोर्ड आम्ही फुकट बदलून दिले आणि त्या गृहस्थांना पेढे.

९. क्यूआर कोड टाकला तर?

लिफ्टमध्ये, सोसायटीच्या नोटीस बोर्डवर, जिथे माणूस उभा असतो तिथे ठीक. रस्त्याकडेच्या बोर्डवर जागा खातो.

१०. विजेच्या खांबावर सगळेच बोर्ड लावतात. मी लावला तर काय बिघडतं?

सगळ्यांनी लावलाय म्हणून तुमच्यावर कारवाई होणार नाही असं नाही. उलट ज्याचा नंबर मोठा आणि स्वच्छ, त्यालाच आधी महापालिकेचा फोन. (प्रश्न ७ नीट पाळल्याचा हा एक तोटा.)

महाराष्ट्रात १९९५चा मालमत्ता विरूपण प्रतिबंधक कायदा आहे. परवानगीशिवाय सार्वजनिक ठिकाणी दिसेल अशा जागी काही चिकटवणं, रंगवणं, टांगणं त्यात येतं, आणि शिक्षा ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याशिवाय महापालिका कायद्याच्या कलम २४४ आणि २४५ प्रमाणे जाहिरात फलकाला आयुक्तांची परवानगी लागते. मुंबईत १८८८चा वेगळा कायदा आहे आणि तिथे ही कलमं ३२८ आणि ३२८अ. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०१७मध्ये बेकायदा होर्डिंगविरुद्ध सविस्तर आदेश दिले. घाटकोपरला १३ मे २०२४च्या वादळात १२० बाय १२० फुटांचं होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळून १७ जण गेले, त्यानंतर सगळीकडचे अधिकारी जास्त सावध झाले. 'आमचा दीड फुटी बोर्ड कुठे आणि ते होर्डिंग कुठे' हे बरोबर आहे. पण खांब साफ करणारी गाडी आली की ती दीड फुटीसुद्धा उचलते.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी खांबाला उघड्या लोखंडी तारेने बोर्ड बांधू नका. ओल्या दिवसांत खांबात वीज उतरल्याच्या बातम्या आपण वाचतो. शिडीवर चढलेला पोरगा तुमचा असतो.

११. झाडावर खिळा ठोकून लावला तर?

नाही. शहरी भागातल्या झाडांना १९७५च्या कायद्याचं संरक्षण आहे, आणि पुण्यात तर 'आंघोळीची गोळी'सारख्या संस्थेची तरुण मंडळी झाडांतले खिळे उपसत फिरली आहेत. आम्ही खिळ्यासाठी भोकं पाडून देत नाही.

१२. खांब नाही, झाड नाही. मग बोर्ड लावायचा तरी कुठे?

जिथे मालकाला 'लावू का?' असं तोंडाने विचारता येतं तिथे.

पहिली जागा, तुमचं चालू काम. बंगल्याच्या फाटकाच्या आत, परांचीवर, पार्किंगमध्ये 'या इमारतीच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग चालू आहे' असा बोर्ड. परवानगी काम ठरतानाच मागा, कोटेशनच्या शेवटी एक ओळ टाका: काम चालू असेपर्यंत आणि नंतर १५ दिवस आमचा एक फलक आवारात राहील. काम संपल्यावर, शेवटचा हप्ता मागायच्या वेळी ही परवानगी मागितली तर घासाघीस तिथूनच सुरू होते.

दुसरी, सोसायटीचा नोटीस बोर्ड आणि लिफ्ट. काही सोसायट्या महिन्याचे ठरावीक पैसे घेऊन पावती देतात. पावती नक्की घ्या, वॉचमनच्या हातात नोट सरकवून लावलेला बोर्ड पुढच्या पाळीचा वॉचमन काढतो. ए४ आकार, वर 'सोसायटीच्या परवानगीने' आणि शेवटची तारीख. तारीख लिहिलेली असली की सेक्रेटरी सहसा हरकत घेत नाहीत, कारण तो कागद तिथे कायमचा राहणार नाही याची त्यांना खात्री पटते.

तिसरी जागा बहुतेक जण विसरतात: हार्डवेअरची आणि रंगाची दुकानं. गळतीचं केमिकल विचारायला आलेला माणूस म्हणजे अर्धं ठरलेलं गिऱ्हाईक. दुकानदाराकडून माल घेत असाल तर तो काउंटरवर छोटा बोर्ड ठेवू देतो. त्याच्या ओळखीतला दुसरा कारागीर आधीच असेल तर मात्र नाद सोडा.

स्वतःची गाडी, टेम्पो, शिडीसुद्धा. पण गाडीवर जाहिरात रंगवायच्या आधी आरटीओचे नियम विचारून घ्या.

१३. बंगलेवाल्याची हरकत नाही, जागा त्याची आहे. तरी महापालिकेची परवानगी लागते?

हा सगळ्यात अवघड प्रश्न आहे आणि लोक त्याचं उत्तर सोयीने देतात. कलम २४५मध्ये काही सूट आहे: खिडकीच्या आत लावलेली जाहिरात, ती जागा विकणे-भाड्याने देण्याचा फलक, आणि त्याच जागेत चालणाऱ्या धंद्याची जाहिरात. तुमचा धंदा त्या बंगल्यात चालत नाही, तुम्ही तिथे काम करताय. त्यामुळे 'खाजगी जागा आहे' एवढ्यावर सूट आपोआप मिळते असं समजू नका.

व्यवहारात आम्ही असं सुचवतो: बोर्ड कंपाउंडच्या आत, भिंतीच्या वर न येणारा, मजकूर 'काम चालू आहे' असा माहितीचा, आणि काम संपल्यावर ठरल्या दिवशी काढलेला. रस्त्यावरून वाचता यावा म्हणून भिंतीबाहेर टांगायचा असेल, मोठा असेल किंवा महिनोनमहिने राहणार असेल तर वॉर्ड ऑफिसात जाऊन परवाना व आकाशचिन्ह विभागात लेखी विचारा. परवाना मिळाला तर त्याचा क्रमांक बोर्डवर छापून घ्या.

१४. फ्लॅटधारकाने परवानगी दिली होती, तरी सोसायटीने बोर्ड काढून टाकला. हे बरोबर आहे का?

बरोबर आहे. बाल्कनीची ग्रिल त्याची वाटते, पण इमारतीची बाहेरची भिंत, फाटक आणि कंपाउंड सगळ्या सभासदांचं असतं आणि त्यावर काय लावायचं हे कमिटी ठरवते. भांडू नका, बोर्ड परत मागा. सेक्रेटरी पुढच्या वर्षी तुमचं गिऱ्हाईक असू शकतात.

१५. बोर्ड लावायला पोरं पाठवली, त्यांनी खांबांवर लावले. नोटीस मला का आली?

कारण फायदा तुमचा आहे. १९९५च्या कायद्यात ज्याच्या लाभासाठी बोर्ड लागला तोही जबाबदार धरला जातो. आपल्या नकळत किंवा संमतीशिवाय झालं हे त्याला सिद्ध करावं लागतं. त्यामुळे पोरांना तोंडी सांगू नका. जागांची यादी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, आणि प्रत्येक बोर्डाचा लावल्याबरोबर फोटो मागवा. तोच फोटो नंतर काढताना उपयोगी पडतो (प्रश्न २१).

१६. मुलगा अमेरिकेत असतो. म्हणतो तिथे प्रत्येक अंगणात असे बोर्ड असतात. मग आपल्याकडे एवढी कटकट का?

तिथला तो बोर्डसुद्धा १८ बाय २४ इंचाचाच, आपल्या सनपॅकसारख्याच पत्र्याचा आणि इंग्रजी एच अक्षराच्या आकाराची तार खाली खुपसून हिरवळीत उभा केलेला असतो. रंगारी, छत दुरुस्त करणारे, पन्हळ साफ करणारे तो काम चालू असलेल्या घरापुढे लावतात. म्हणजे प्रश्न १२मधली पहिली जागाच. कटकट तिथेही आहे. हिरवळ घरमालकाची दिसत असली तरी रस्त्यालगतची पट्टी बहुतेक ठिकाणी सार्वजनिक धरली जाते, तिथले बोर्ड शहराची माणसं उचलतात. अनेक वस्त्यांत घरमालकांच्या संघटनांचे नियम वेगळे. कॅलिफोर्नियात ठेकेदाराला जाहिरातीत परवाना क्रमांक छापावा लागतो. मुलगा सांगतो ते खरं आहे. मात्र तिथे प्रत्येक घरापुढे अंगण आहे आणि आपल्याकडे चाळीस फ्लॅटना मिळून एक फाटक.

१७. 'शंभर टक्के गॅरंटी' किंवा 'एसी सर्व्हिस फक्त २९९' असं लिहू का?

गॅरंटी लिहायची तर किती वर्षांची आणि कशाची ते लिहा. '५ वर्षं, लेखी' हे तीन शब्द 'शंभर टक्के'पेक्षा जास्त विश्वास देतात. २९९ला खरंच तेवढ्यात काम करून देणार असाल तर जरूर. पण २९९ला बोलावून घरी गेल्यावर 'गॅस संपलाय, अडीच हजार होतील' हा धंदा असेल, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९खाली दिशाभूल करणारी जाहिरात हा विषय येतो, आणि जून २०२२च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत अशा आमिषाच्या जाहिरातीबद्दल वेगळं लिहिलेलं आहे.

१८. पेस्ट कंट्रोल किंवा सेप्टिक टँकच्या बोर्डला वेगळं काही लागतं का?

बोर्डला नाही, धंद्याला लागतं, आणि बोर्ड लागला की परवाना आहे का हे विचारलं जातं. व्यावसायिक पेस्ट कंट्रोलला १९६८च्या कीटकनाशक कायद्याखालचा परवाना हवा. तो असेल तर क्रमांक छापा. नसेल तर 'सरकारमान्य' लिहून संकट ओढवून घेऊ नका.

सेप्टिक टँक आणि गटारात संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवून साफसफाई करून घेणं २०१३च्या कायद्याने बंद आहे. 'मशीनने सफाई' असं लिहिलंत तर मशीननेच करा. 'माणूस उतरवून स्वस्तात' अशा अर्थाचा मजकूर एकाने आमच्याकडे आणला होता. तो आम्ही छापला नाही.

१९. पाट्या मराठीत हव्यात असा नियम आहे. तो माझ्या बोर्डला लागू होतो का?

तो नियम दुकान आणि आस्थापनेच्या नामफलकाचा आहे. २०२२च्या दुरुस्तीनंतर १०पेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी, देवनागरी नाव आवश्यक झालं, आणि मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाही. तुमचा गाळा असेल तर तिथल्या पाटीला लागू. हंगामी जाहिरात बोर्डचा प्रश्न वेगळा, तरी मराठीच ठेवा. वस्तीत हिंदी किंवा गुजराती वाचणारे जास्त असतील तर त्या भाषेतला वेगळा बोर्ड छापा, एकाच बोर्डवर तीन भाषा कोंबू नका.

२०. कोणत्या बोर्डमुळे फोन आला हे कसं कळायचं?

'नंबर कुठून मिळाला?' हे पहिल्या मिनिटात विचारा आणि वहीत लिहा. लोकांना नीट आठवत नाही, म्हणून बोर्डच्या कोपऱ्यात भागाप्रमाणे एक मोठं अक्षर छापतो आम्ही: धायरीला 'ध', कोथरूडला 'क'. फोनवर विचारायचं, 'बोर्डवर कोपऱ्यात कुठलं अक्षर आहे?' समोरचा बोर्डपाशी उभा असेल तर लगेच सांगतो. एका रंगाऱ्याने दोन हंगाम वही ठेवली आणि चार भागांतले बोर्ड बंद केले. त्यामुळे आमची ऑर्डर निम्मी झाली, त्याचं काम वाढलं.

२१. हंगाम संपला. बोर्ड तसेच राहू दिले तर फुकटची जाहिरात होत नाही का?

ऑगस्टमध्ये 'उन्हाळी एसी सर्व्हिसिंग' असा चिखलाने भरलेला, एका कोपऱ्यावर लोंबणारा बोर्ड बघून कोणी फोन करत नाही. सोसायटीला मात्र तुमचं नाव लक्षात राहतं, आणि पुढच्या मार्चमध्ये परवानगी मागायला गेलात की तोच बोर्ड दाखवतात. निवडणूक जाहीर होऊन आचारसंहिता लागली तर वाटही बघू नका, त्या दिवसांत सार्वजनिक जागेवरचे बोर्ड सरसकट उतरवले जातात आणि त्यात राजकीय कुठला, प्लंबरचा कुठला हे कोणी निवडत बसत नाही.

लावतानाचे फोटो उघडा, मोजून तेवढे परत आणा. ओल्या फडक्याने पुसा, नळ्यांत साचलेलं पाणी उभं करून निथळू द्या, आणि आडवे, सावलीत ठेवा. वर्ष आणि तारीख न छापलेला सनपॅक दोन हंगाम सहज जातो. तिसऱ्याला रंग विटतो. ज्यांचा नंबर बदललाय त्यांनी जुन्यावर स्टिकर मारला तरी चालतो, फक्त जुना आकडा खालून दिसणार नाही असा काळ्या पाठीचा स्टिकर मागा. मोडके आमच्याकडे आणून दिले तर भंगारवाल्याकडे एकत्र जातात. पैसे कोणाला मिळत नाहीत, दुकानामागची जागा तेवढी अडते. मे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आणू नका, तेव्हा दुकानात पाय ठेवायला जागा नसते.